कादंबरीतला गुराखी

१० जाने., शनि. मुलचेरा
चौथं प्रकरण पाठवलं. चंद्रपूरच्या चर्चच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर दर शनिवारी एक प्रकरण जातं, रविवारी उपासनेनंतर त्यावर बोलणं होतं. मंडळाच्या सुलभामावशीकडे इंग्रजी पुस्तकांची पेटी आहे, कुणी परदेशी पाहुण्यांनी मागे ठेवलेली. सगळी काऊबॉयची. छोटं गाव, एक चर्च, एक बेकरी, शहराला कंटाळून आलेली मुलगी, आणि देवभीरू काऊबॉय. लग्न शेवटच्या प्रकरणात. मराठी करायला मला दिलं, कारण "तू एकटीच राहते, संध्याकाळी करते काय?"

अख्ख्या पुस्तकात एकाही गाईने शेण टाकलेलं नाही. नायक लूकस दिवसभर गुरांत असतो आणि त्याच्या अंगाला साबणाचा वास येतो. मी इथे सरकारी पशुधन पर्यवेक्षक आहे. संध्याकाळी माझ्या अंगाला कसला वास येतो, ते मला माहीत आहे.

१७ जाने.
मावशीचा फोन. "एस्तेर, भाषा चांगली आहे व, पण लूकस लाकडासारखा वाटते. थोडा जिवंत कर."
मुळात तो टोपी काढतो आणि हसतो. दर दोन पानांनी. यापलीकडे लेखिकेनेच त्याला काही दिलेलं नाही, मी कुठून देऊ?

२१ जाने. बोरटोला
लाळ्या-खुरकूतची लस. वि. हजर. (विलास. गावाची गुरं राखतो, इकडे गायकी म्हणतात. मुलचेऱ्याच्या प्रार्थनासभेत मागच्या सतरंजीवर बसतो.)
जी गाय आडवी येते तिचं डोकं तो काखेत घेतो आणि तिच्या कानाशी सभेतलं गाणं म्हणतो. बेसूर. गाय उभी राहते. शर्टाच्या खिशात मिठाचे खडे, त्यामुळे खिसा कायम चाटलेला, ओला.
"मॅडम, तुमाले सुई देताना कोणी पकडते का?"
नाही म्हटलं.
"मंग तुमी भेत नसान."
मी पुढची सुई भरली. सगळी गुरं झाली. लसीच्या डब्यातला बर्फ पुरला.

२४ जाने.
सहावं प्रकरण. लूकसच्या खिशात मीठ घातलं. गाईच्या कानात बेसूर गाणंही. दोन वाक्यं, मुळात नाहीत. दुधात असं केलं तर त्याला भेसळ म्हणतात.
ग्रुपवर बदामच बदाम. मावशी: "आता कसा माणूस झाला."

७ फेब्रु.
आणखी भेसळ. बांबूत शिरण्याआधी वि. काठीने झाडावर ठकठक करतो. का, विचारलं होतं. "वाघाले सांगाव लागते न, आम्ही येऊन राह्यलो म्हून. त्याच्याच घरात जातो आपन." पुस्तकात वाघाचा लांडगा केला, बाकी तसंच ठेवलं.
आईचा फोन. आईही त्या ग्रुपवर आहे. निवृत्त नर्स, पुरुषांबद्दल तिने आजवर चांगला शब्द काढलेला नाही. म्हणाली, "असा पोरगा तुले भेटला पाहिजे."
मी म्हटलं, हं.

१५ फेब्रु., रवि.
सभा संपल्यावर वि. गाडीपर्यंत आला.
"तुमच्या आईले भेटाव म्हनतो."
"कशाला?"
"तुमाले मालूम हाय कशाले."
माहीत होतं. पाडवा होऊ द्या, म्हटलं. पाडव्याचं कारण काहीच नव्हतं. हो म्हणायच्या आधी मधे थोडी जागा लागते मला.
तो हो म्हणाला. जाताना परत एकदा मागे वळून हो म्हणाला.

२२ फेब्रु., रवि.
मावशीने मुलचेऱ्याच्या पाळकबाईंना ग्रुपमध्ये घेतलं. चांगल्या हेतूने. पाळकबाईंनी कालच्या प्रकरणाखाली लिहिलं: "अवं हा त आमच्या सभेतला विलास! खिशात मीठ ठेवून गाईले गाने म्हननारा दुसरा कोन हाय?"
हसरे चेहरे. कुणीतरी विचारलं, विलास कोण, डेअरी आहे का त्याची?
"बोरटोल्याचा गायकी हाय."
मग कुणी काही लिहिलं नाही. बऱ्याच वेळाने मावशी: "एस्तेरची कल्पनाशक्ती छान आहे."

आईचा फोन.
"सरळ सांग. काही हाय का?"
"आहे."
"ख्रिस्ती?"
"आजोबांपासून."
"पितो?"
"नाही."
"करते काय?"
"गुरं राखतो. लूकसही तेच करतो, आई."
"लूकस पुस्तकात हाय. पुस्तकातल्या माणसाच्या घरी जाऊन राहाव लागत नाही."
मी फोन ठेवला.

१ मार्च
आईची अट आली. सूरजागडला खाणीत मामांच्या ओळखीने त्याला लावू. गेटवर का होईना. "युनिफॉर्म घातला की माणूस चार लोकांत बसवता येते. डिप्लोमा कशासाठी केला तू, गायक्याच्या घरी जाऊन राहाले?"
हीच बाई गेल्या महिन्यात लांडग्याच्या प्रकरणावर रडली होती.

४ मार्च. बोरटोला
वासरांना जंताचं औषध. वि.ला सगळं सांगायचं ठरवून गेले होते. अर्धं त्याला माहीत होतं. पाळकबाईंनी रविवारी सभेनंतर प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं, मी त्या दिवशी चंद्रपूरला. सगळे हसले म्हणे.
"तुमी मले गोष्टीत टाकलं, बरं केलं. आंधी इचारलं असतं त शर्ट धुवून घेतला असता."
हसत म्हणाला. मग हसणं थांबलं.
"त्या गोष्टीतल्याची जमीन हाय का?"
"आहे. बरीच."
"हं. मंग त्याले कोन नाही म्हनते."

खाणीचं सांगितलं. तो खडूने वासरांच्या पाठीवर खुणा करत होता, ते काम त्याने थांबवलं नाही.
"पाडव्याले आमचं वरीस पलटते. तवाच सोडता येते गुरं, मधात नाई. तुमी म्हना, सोडतो."
"तुम्हाला काय वाटतं?"
"मले काय वाटते ते आता काऊन इचारता? तुमी म्हना."
सांगते म्हटलं. राग आला. त्याने निर्णय माझ्यावर टाकला म्हणून की आधी मी त्याच्यावर काही टाकलं होतं म्हणून, ते वेगळं काढता येत नाही.

१४ मार्च
शेवटचं प्रकरण अडलंय. लूकसला शहरात मोठी नोकरी मिळते, तो निघतो, आणि नायिका भर उपासनेत उभी राहून म्हणते, जाऊ नको. सगळं चर्च टाळ्या वाजवतं. अर्धं केलं. पुढे हात चालत नाही.
मावशीचा फोन. सगळी प्रकरणं एकत्र करून नाताळला वाटायची आहेत. "ते मीठ आणि गाणं काढून टाकशील? मुळात नाहीच न ते."
बरोबर आहे. मुळात नाही. काढलं. लूकस पुन्हा टोपी काढून हसायला लागला.
विलासचं नाव ग्रुपवर कुणी घेत नाही. वाईटही बोलत नाहीत. फार सभ्य बायका आहेत.

१८ मार्च
वि.चा मेसेज: "उद्या गुरंवाल्यांची बैठक हाय. काय सांगू?"
उत्तर दिलेलं नाही.
तो खाणीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा असलेला मला बघवणार नाही. आणि आईच्या बैठकीच्या खोलीत, ओल्या खिशाच्या शर्टात, मावश्यांच्या समोर बसलेलाही मला दिसत नाही. हे दुसरं आईचं नाही, माझं आहे. आईच्या माथी मारणं सोपं आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

१९ मार्च. पाडवा
सुट्टी. सकाळी बोरटोल्याहून फोन, गाय अडली. गेले. वासराचं डोकं मागे वळलेलं. हात घालून सरळ केलं, दोऱ्या लावून ओढलं. कालवड, जिवंत.

हापशीवर हात धूत होते. समोर चिंचेखाली बैठक. यांची रीत अशी: गुरंवाले सगळे बसतात, पानावर सुपारी ठेवून पान गायक्यापुढे जमिनीवर ठेवतात. त्याने उचललं की वर्षभर गुरं त्याची. उचललेलं पान परत ठेवता येत नाही. नाही उचललं तर दुसरा माणूस बघतात.
पान ठेवलेलं होतं. वि. उकिडवा बसलेला, हात गुडघ्यांवर.
पाटील म्हणाले, "डॉक्टरबाई, बरं झालं आल्या. हा विलास काही बोलूनच नाई राह्यला. खाणीत जाते म्हनतात. तुमाले गुरांचं समजते, तुमीच सांगा. याले ठेवाचं का दुसरा पाहाचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वि. पानाकडे.
दुसरा बघा, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. खाण, युनिफॉर्म, आई, चंद्रपूरचं चर्च. पण ते खोटं होतं, आणि मला सरकारी कामाबद्दल विचारलं होतं. म्हटलं, या गुरांना लस वेळेवर होते कारण हा एकही जनावर चुकवत नाही. जखमेत किडे पडू देत नाही. कोणती गाय माजावर आहे ते मालकाआधी याला कळतं. तालुक्यात याच्यासारखा गायकी नाही.
अहवाल वाचते तसं म्हटलं.

"आयकलं का रे?" पाटील म्हणाले. "सरकार सांगून राह्यलं." लोक हसले. एक म्हातारी म्हणाली, "उचल न बाबू, मुहूर्त चालला."
वि.ने तेव्हा वर बघितलं.
"मॅडम, हे तुमचं उत्तर होय का?"
लोकांना त्यातलं काही कळलं नसेल. कळलंही असेल.
मी म्हटलं, "मला गुरांबद्दल विचारलं होतं."
त्याने मान हलवली. दुखणं नेमकं कुठे आहे ते सापडत नाही, अशा गाईकडे तो बघतो तसं माझ्याकडे बघितलं. मग परत पानाकडे.

बॅग भरली. दोऱ्या धुऊन गुंडाळल्या, एरवीपेक्षा जास्त वेळ लावून. गाडी चालू केली तेव्हा पान जमिनीवरच होतं. मागे बघितलं नाही.

घरी आल्यापासून फोन उलटा ठेवलाय.
मी निघाले तोवर गाईची वार पडलेली नव्हती, वासरामागून पडते ती. उद्या सकाळी बघायला बोरटोल्याला जावं लागेल.