आरशातलं जॅकेट

सोमवार
रुजू झाले. सुरक्षा ऑडिटर! बांधकामावरचं ऑफिस म्हणजे पत्र्याचा कंटेनर, पण चहा झकास. आधीचा ऑडिटर नोकरी सोडून गेलाय. खिडकीजवळच्या खुंटीवरचं त्याचं केशरी जॅकेट मला मिळालं. चालकांना पहिला धडा दिला : आरशात चेहरा ओळखू येत नाही, जॅकेट दिसतं, तेव्हा ते घाला. मी दादाची बहीण आहे हे इथे कुणाला ठाऊक नाही.

मंगळवार
दादा इथेच चालक होता. ज्या डंपरखाली तो गेला, तो कोपऱ्यात उभा आहे. फोनवर बोलताना रिव्हर्सच्या बीपची कटकट होते म्हणून मॅनेजरने वायर कापायला लावली, आणि त्या आधीच्या ऑडिटरने आपल्या गाडीतून न उतरताच डंपर पास केला. दुसरा चालक डंपर मागे घेत होता, दादा पाठमोरा उभा होता. त्याला काही ऐकूच आलं नाही. त्या दोघांनाही मी सोडणार नाही.

बुधवार
वायर अजून तुटलेलीच. मॅनेजरला खडसावलं, तर म्हणाला, "मॅडम, त्या खटाऱ्याची बॅटरीच काढलीये. कशाला जिवाला घोर?" केबिनमध्ये चढून पाहिलं. सीट पार पुढे ओढलेली. दादा बुटका होता. इतकी पुढे तोच घ्यायचा.

शुक्रवार
मॅनेजर गेला. भिंत आणि डंपर यांच्यामध्ये चिरडला. बीप वाजत होता आणि तो कान दाबून पळत होता, असं मजूर सांगतात. खोटं कशाला लिहू, माझा जीव थंड झाला. शाब्बास, दादा. आता ऑडिटर.

शनिवार
दुपारी आवारातून जाताना पाठीमागे बीप. मी डावीकडे वळले, डंपरही वळला. पळत सुटले तेव्हा थांबला. सीटवर कुणी नाही. ब्रेकच्या टाकीतली हवा सोडली. हवा गेली की ब्रेक चाकं आवळून धरतात, गाडी जागची हलत नाही. चाकांना ठोकळेही लावले. आरसा माझ्याकडे वळलेला होता.

रविवार
साइटवर चिटपाखरू नाही, ऑफिसात मी एकटीच. पुन्हा बीप. हवा नसताना—
जॅकेट. पाठीवर केवढ्या अक्षरांत 'ऑडिटर'. त्याला मी दिसतच नाहीये.
काढलं. खुंटीवर टांगलं— खिडकीसमोरच! आता—
धडक. दार चेपलं. उघडत नाही.
ओरडून सांगितलं, दादा, मी आहे, तुझी छोटी.
बीप थांबला. ऐकलं त्याने. पुढे निघाला. लांब गेला. देवा—
थांबला. एवढ्या लांब कशाला— जोर घ्यायला?
बीप. दादा, चेहरा बघ, चेह