शिवणाची खोली पाडण्याआधी

स्पोकेन, मंगळवार

प्रिय वॉल्डो,

आयोनी आता काठी टेकत अंगणापर्यंत जाते, तेव्हा माझ्या बहिणीची काळजी नको. पॅसाडेनात उकाडा वाढला असेल. लिंबाच्या झाडाला पाणी घालतोस ना? आणि वेळेवर जेवतोस ना?

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "व्हर्ना, हे नवऱ्याचं पत्र आहे की सुताराचं?" मी हसले खरी, पण ते लागलं. जेवणघरातल्या ओकच्या कपाटाला तू रोज हाताने तेल चोळतोस म्हणे. माझा खांदा केव्हापासून दुखतोय, त्याला कधी लावलंस का रे तेल?

तुझ्या आजोबांनी १९११ साली बांधलेल्या घराची वारसा म्हणून नोंद होणार, दाराशी पितळी पाटी लागणार, याचं कौतुक मलाही आहे. पण समिती म्हणते म्हणून मागच्या व्हरांड्यातली माझी शिवणाची खोली पाडायची? ती मूळच्या घरातली नाही, नंतर जोडलेली आहे, तिच्यामुळे घराचं मोल कमी होतं, हे किती सहज लिहिलंस तू. तुझ्या आईशी बिनसलं की त्याच खोलीचं दार लावून बसायचे मी.

रविवारी येतेय. तोवर हातोड्याला हात लावू नकोस, आणि समितीला एवढं विचारून ठेव: मीही मूळची त्या घरातली नाही, नंतरच आलेली आहे. माझं काय करायचं म्हणतात?

तुझीच, अजून तरी,
व्हर्ना