दुसऱ्या बाजूवरची शिट्टी

२ मार्च, रविवार

तबकड्यांच्या दुकानातला जाड्या आज पुन्हा वादाला बसला. त्याचं म्हणणं, खरं संगीत स्टुडिओतलंच. चुकलं तर पुन्हा वाजवता येतं, घासूनपुसून घेता येतं. "मैफलीच्या तबकडीत काय असतं? निम्मा वेळ गर्दीचा कोकलाट!"

मी फर्निचरला पॉलिश करणारा माणूस. घासणंपुसणं मला शिकवू नये. आमच्या आवडत्या चौघांच्या बँडची ती मिठाच्या ढिगाचं चित्र असलेली तबकडी स्टुडिओतली. कुठे टवका नाही, ओरखडा नाही. आरसा! पण आरशात आपलंच तोंड दिसतं, लाकूड दिसत नाही. त्याच चौघांची गोदामातल्या मैफलीची तबकडी लावावी. गिटारवाला पहिल्याच गाण्यात घाईने आत घुसतो, ड्रमवाला त्याला धाकट्या भावासारखा सांभाळून घेतो. गाठी दिसतात. मला गाठी दिसणारं लाकूड आवडतं.

जाड्या म्हणाला, "तुझं काय बाबा! तुझा भाऊच आहे तिच्यावर."

आहेच. दुसरी बाजू, तिसरं गाणं. सगळी वाद्यं एकदम थांबतात, आणि ड्रम परत सुरू व्हायच्या आधी गर्दीतून एक लांब शिट्टी येते. ती दादाची. तो त्या गोदामात उभा होता. मी तेव्हा गावच्या शाळेत दुसरीत. पुढे तो तबकडी घेऊन गावी आला, सगळ्यांना ऐकवली आणि त्या जागी बोट वर केलं — "हा मी!" गावात त्याचं नावच शिट्टीवाला पडलं. अजूनही आम्ही रविवारी ऐकतो, अजूनही बोट वर होतं.

५ मार्च

दादाच्या घशातली गाठ वाईट निघाली. पंचवीस तारखेला ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीव वाचेल, स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे बोलणं संपलं.

वहिनी माझ्यावरच उखडली. "त्या घसे फाडणाऱ्यांचं ऐकूनऐकून ह्यांचा घसा गेला!" मग आत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धूत बसली.

रविवारी गाठींचं कौतुक लिहिलं होतं. खोडत नाही.

९ मार्च, रविवार

दादाचा आवाज आता खरवडल्यासारखा येतो. तरी तबकडी लावायला लावलीच. शिट्टीला बोट वर. मग म्हणाला, "आवाज गेला तर गेला, बारक्या. एक शिट्टी जमा आहे ना!"

वहिनी म्हणाली, "हो, आणि लग्नात सांगितलं होतं, मुलगा शांत स्वभावाचा आहे म्हणून."

दादा हसला. हसताना आवाज आला नाही.

१२ मार्च

जाड्याने चौघांची एक जुनी तबकडी ऐकायला दिली. बंदरावरची मैफल — गोदामाच्या दोन वर्षं आधीची. दादाने त्या शहरात कधी पाऊलही ठेवलेलं नाही. वादन ढिसाळ. गाणारा दमलेला वाटतो. बेस मात्र छान, पोटात बसतो.

पहिली बाजू संपताना टाळ्या. त्यात एक बाई हसते, कोणीतरी दोनदा खोकतं, आणि मग शिट्टी.

आमची शिट्टी! तीच बाई, तोच खोकला. गोदामाच्या तबकडीतही शिट्टीच्या आधी हेच येतं, मला झोपेतही सांगता येईल.

१३ मार्च

पुन्हा ऐकली. तीच.

१५ मार्च

जाड्याला विचारलं. कोणाची शिट्टी ते बोललो नाही. तो हिशेबाच्या यंत्रातून मानही वर न करता म्हणाला, "चिकटवली असेल. एका मैफलीची गर्दी दुसरीला लावतात. तुम्ही भेगेत लांबी भरत नाही का?"

भरतो. लाकडाच्या रंगाची लांबी, वर पॉलिश. गिऱ्हाइकाला कळू देत नाही. आजवर त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

१६ मार्च, रविवार

दादाने बोट वर केलं. मी सुईकडे बघत राहिलो.

२० मार्च

सांगावं का? पाच दिवसांनी तो उलट उत्तरही देऊ शकणार नाही. आणि नाही सांगितलं, तर जन्मभर दर रविवारी मी मान डोलवायची. खोटं बोलायचं नाही असं ठरवून जगलो. पण खऱ्याच्या नावाखाली माणसाची एकुलती एक गोष्ट काढून घ्यायची?

सकाळी देवापुढे बसलो तेव्हा विचारलं. देव अशा बाबतीत मध्ये पडत नाही. उठलो आणि कपाटाचं दार घासायला घेतलं. एकाच जागी इतकं घासलं की मालक म्हणाला, "आरपार जायचंय का?"

ठरलं. सांगायचं नाही.

२४ मार्च

दुपारी दादाने जवळ बोलावलं. "बारक्या, त्या रविवारी शिट्टीला तू माझ्याकडे बघितलं नाहीस. कळलं वाटतं तुला."

मी पाण्याचं भांडं त्याच्याजवळ सरकवलं.

"माझी नाही ती. तिथे कोणीच शिट्टी मारली नाही रे. चौघे थांबले आणि सगळं गोदाम गप्प झालं. हजार दोन हजार माणसं, कोणी श्वास घेईना. मी बोटं तोंडात घातली होती, ती तशीच राहिली. तबकडी आली, तर त्या जागी ही शिट्टी! गप्प होतो, ते कसं ऐकवणार गावाला? म्हणून म्हटलं, हा मी."

दम लागला. पाणी प्यायला. मग तबकडीकडे बोट केलं.

लावली. ती जागा आली तेव्हा मी आवाज पूर्ण खाली आणला. दादाने बोट वर केलं.