उजवीकडून शिवलेली वही

मी, राघवेंद्र वेंकटेश अणदूरकर, वय वर्षे चौसष्ट, निवृत्त नकलनवीस, राहणार बेंबळी, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या खुशीने, भर दुपारी, ओसरीवर बसून, स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. मेहुणे दत्तोपंत यांना ते मान्य नसेल, पण त्यांना विचारतो कोण!

१. राहते घर माझी एकुलती कन्या शामला हिला. ती येथील शाळेत शिक्षिका असून तिने लग्न केलेले नाही. त्यावरून कोणी तिच्या हक्काला आडवा आला तर हा कागद त्याच्या तोंडावर मारावा.

२. माझे बोरू, दौती आणि उर्दूचा कोश उमरग्याचे वह्या बांधणारे खाजाभाई यांना. निजामी अमलात तीस वर्षे त्यांनी दफ्तरे शिवली आणि मी त्यांत नकला उतरवल्या. इतका सच्चा माणूस मला दुसरा भेटला नाही.

३. दत्तोपंतांना काहीही नाही. माझ्या कविता वाचून ते चारचौघांत म्हणाले, "दाजी, हा तर तहसीलदाराकडं केलेला अर्ज झाला. यमक कुठंय?" हे मी विसरलेलो नाही.

४. आता मुख्य गोष्ट. विलीनीकरणानंतरच्या पाच-सहा वर्षांत मी सात कविता लिहिल्या, नव्या धर्तीच्या. प्रत्येकीत बिननावाचा एक माणूस आहे आणि त्याचे काहीतरी हातून निसटते आहे. त्यांची वही खाजाभाईंनी शिवली. जन्मभर उर्दू दफ्तरे बांधलेला हात, सवयीने शिवण उजवीकडे घातली. त्यामुळे वही मराठी पुस्तकासारखी उघडली की सातवी कविता आधी येते आणि पहिली शेवटी. मी हसलो आणि आहे तशीच राहू दिली. चूक माझी.

सातवीतल्या माणसाचा हात थरथरतो. महिन्याभरात खाजाभाईंचा उजवा हात थरथरू लागला. सहावीतली बाई घरच्यांना ओळखत नाही. त्या पौषात माझी पत्नी चंद्रप्रभा हिने माझ्यापुढे चहा ठेवला, पदर सावरला आणि म्हणाली, "बसा. हे कचेरीत गेलेत, येतीलच." पुढे चार वर्षे ती माझ्यासमोर बसून माझी वाट पाहत राहिली आणि तशीच गेली. मधल्या चारांची नावे लिहीत नाही, त्यांच्या घरचे लोक हयात आहेत. शिवणीचा क्रम एकदाही चुकला नाही.

खाजाभाईंना म्हटले, उसवून द्या. ते म्हणाले, "पंतजी, दोरा उसवतो हो, पण झालेलं कसं उसवू?" आणि रडले. मीही रडलो.

५. उरली पहिली कविता. तिच्यातल्या माणसाची नजर जाते.

दिवा आहे म्हणतात.
मी हात पुढे करतो,
ऊब तेवढी सापडते.

गेले पंधरा दिवस शामलाला फळ्यावरचे स्वतःचे अक्षर दिसत नाही. डॉक्टरांना डोळ्यांत दोष सापडला नाही. काल ती म्हणाली, "अण्णा, खडू बदलायला हवा. उमटतच नाही." मी फार घाबरलो आहे.

तरी या लेखाने जाहीर करतो की पहिल्या कवितेतला माणूस मीच. ती कविता, तिच्यातील अंधारासह, माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तिच्यावर शामलाचा अथवा अन्य कोणाचाही वारसाहक्क, कबजा किंवा मागणी नाही. बाकी कलमे माझ्या पश्चात अमलात यावीत, हे कलम मात्र याच घटकेपासून. पुढे वही ज्याला वाचायची त्याने खुशाल वाचावी. मग तिच्यात नुसत्या कविता उरतील.

*

येथवरचा मजकूर राघवेंद्ररावांच्या हातचा. येथून पुढे मी, साक्षीदार सिद्रामप्पा, लिहीत आहे.

शेवटचे कलम पुरे होताच त्यांनी, "आभाळ आलं का हो?" असे विचारले. ऊन कडक होते. सहीची जागा बोट ठेवून दाखवली, ती त्यांना सापडली नाही. म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला आहे.

नंतर सर्व मजकूर शामलाबाईंनी त्यांना वाचून दाखवला. पाचव्या कलमापाशी त्या थांबल्या. राघवेंद्ररावांनी विचारले, "दिसतंय ना?" त्या म्हणाल्या, "स्वच्छ दिसतंय, अण्णा." तेव्हा ते म्हणाले, "मग पुढं वाच."

निशाणी डावा अंगठा : राघवेंद्र वेंकटेश अणदूरकर
साक्षीदार : १. सिद्रामप्पा मल्लप्पा बिराजदार (सही)
२. बब्रुवान निवृत्ती माने (सही)
मुक्काम बेंबळी, ता. १४ मार्च १९६१