जोडावरचं कुंकू

काका, आज दसऱ्याचं सोनं द्यायला वारज्याला तुमच्या घरी जाऊन आलो. दर वर्षी जातो. आपट्याची पानं काकूंच्या हातात ठेवतो, पाया पडतो, त्या चहा करतात आणि माझा कप अर्धा व्हायच्या आत तो एकच प्रश्न विचारतात. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, प्रश्न तसाच आहे.

हडपसरच्या कारखान्यात मी रुजू झालो तेव्हा माझ्याकडे डिप्लोमा होता आणि तुमच्याकडे फिटरचा तीस वर्षांचा हात. आम्लाच्या पाण्याने लोखंडी पाइप खाऊन टाकले होते, म्हणून फायबरचे टाकायचं ठरलं. ना वेल्डिंग, ना आटे. एका पाइपचं टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवायचं आणि गोंदाने चिकटवायचं. गोंद लावायला काय अक्कल लागते, असं मी सगळ्यांसमोर बोलून गेलो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "खरंय साहेब. लग्नपत्रिकांची पाकिटं आपण उत्तम चिकटवत असाल." अख्खं शेड हसलं. मला ते फार लागलं, आणि पुढचं सगळं त्या लागण्यातून झालं.

शिकवलंत मात्र हातचं राखून नाही. पाइपची चकाकी पूर्ण जाईपर्यंत पॉलिशपेपरने घासायचं, धूळ कोरड्या फडक्याने टिपायची. गोंद आणि तो कडक करणारं औषध, दोन्ही डबे पुरते एकत्र करायचे, "उरलेलं उद्याला ठेवायला ही आमटी नाही, साहेब." तोंडात आतून गोंदाचा पातळ हात, टोकावर जाड, कापलेली कडही सोडायची नाही. मग न पिळता सरळ आत, लाकडाचा ठोकळा धरून खुणेपर्यंत ठोकायचं, आणि गोंद कडक होईस्तोवर पाइपला कोणी धक्कासुद्धा लावायचा नाही. सगळ्यात वरचा नियम एकच होता: घासलेल्या जागेला बोट लावायचं नाही. "हाताचं तेल आपल्याला दिसत नाही. गोंदाला दिसतं."

शेवटचा जोड खंडेनवमीला आला. सकाळी तुम्ही दोन्ही टोकं घासून ठेवली आहेत. हवा दमट, म्हणून पाइप गरम हवेवर हलका शेकून घेतलाय आणि वर स्वच्छ फडकं टाकलंय. पूजा उरकली की लगेच जोडायचं. पाने, हातोड्या, कंप्रेसर, सगळ्यांना झेंडू वाहून झालाय. पेढे वाटायचं काम माझ्याकडे आहे. त्याच तुपकट बोटांनी मी कुंकवाची वाटी उचलतो आणि हत्यारांना टिळे लावत लावत पाइपपाशी येतो. ज्याच्यापायी आठवडाभर घाम गाळला, त्यालाच कुंकू नाही? फडकं उचलतो आणि घासलेल्या टोकावर ठसठशीत टिळा लावतो. लावल्यावर नियम आठवतो. रुमालाने पुसून काढतो. लाल जातं.

तुम्ही दहा पावलांवर नळाखाली हात धूत होतात. नुसती हाक मारली असती तर पुन्हा घासायला पाच मिनिटं लागली असती. पण पाकिटांचा टोमणा परत ऐकायची माझी तयारी नव्हती. मी फडकं होतं तसं टाकलं आणि उरलेले पेढे वाटायला गेलो.

दोन दिवसांनी पाण्याचा दाब देऊन चाचणी घेतली आणि तोच जोड पाझरला. कापून पाहिला, तर एका जागी, बोटाएवढ्या पट्ट्यात, गोंदाने पाइपला धरलंच नव्हतं. तुम्ही तो तुकडा उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवून पाहत होतात. मोठ्या साहेबांनी कोणाचा जोड म्हणून विचारलं. "माझा," तुम्ही म्हणालात. त्यानंतर तुम्हाला स्टोअरला बसवलं. निवृत्तीपर्यंतचं दीड वर्ष तुम्ही नटबोल्ट मोजून दिलेत. तिथेच एकदा मला थांबवून विचारलंत, या वेळी आवाजात टोमणा नव्हता, "साहेब, आपण तिथं होतात. माझं कुठं चुकलं?"

"काही लक्षात आलं नाही, काका," मी म्हणालो.

आता मी नव्या लोकांना हेच जोड शिकवतो. तुमची वाक्यं जशीच्या तशी वापरतो, आमटीसकट. कुंकवाची गोष्टही सांगतो. फक्त 'कोणीतरी टिळा लावला' असं म्हणतो.

आज काकू म्हणाल्या, "हे शेवटच्या आजारपणातही तेच घोकत होते हो. सगळ्या जन्मात एकच जोड चुकला आणि कुठं चुकला ते कळलं नाही. तुम्हाला तरी काही ठाऊक आहे का?"

"हवा दमट असेल, काकू, त्या दिवशी."

"छे हो! दमट होती म्हणून तर पाइप शेकून घेतला होता त्यांनी. मला सगळं सांगितलंय."

मी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि उठलो. काकूंनी हातावर पेढा ठेवला.

काका, तुमचं काही चुकलं नव्हतं. बोट माझं होतं. हे वाक्य काकूंसमोर, तुमच्याच खुर्चीत बसून म्हणता आलं असतं. ते मी इथे लिहितोय, कारण इथे मला कोणी हसणार नाही.