दोन पायल्या गहू

अमरावती
गुरुवार, ८ मे २०२५

चि. सौ. प्रणालीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

संध्याकाळच्या गाडीने सुखरूप पोचले. बडनेऱ्याला उतरले तर फलाटावर जो तो मोबाइलमध्ये डोकं घालून उभा; सीमेवरच्या बातम्यांशिवाय दुसरं बोलणं नाही. हे पत्र सकाळी नत्थुजींकडे देते. रोज अकोल्याला अपडाऊन करणारा शेजारी असणं ही चैनच आहे. फोन केला असता, पण आई तुझ्या फोनचा स्पीकर लावून मध्ये बसते, आणि मला जे विचारायचं आहे ते तिच्यासमोर विचारता येणार नाही.

आज दिवसभर तुमच्याकडे होते. टीव्हीवर चादर टाकलेली. वायर जळाली, असं तू सांगितलंस. मी मागे हात घालून पाहिलं. मला हे शोभलं नाही, पण पाहिलं. वायर नीट गुंडाळून वर रबर लावलेलं होतं. जळालेल्या वायरीला कोणी रबर लावत नाही. पेपरही दिसला नाही आणि आईचा चष्मा हरवला म्हणे. बाबांनी तिला लग्नानंतर वाचायला शिकवलं, तेव्हापासून सकाळी मोठ्याने पेपर वाचल्याशिवाय तिचा दिवस उगवलेला नाही. ती वाचते आणि तू भाकरी थापत ऐकतेस, ही तुमच्या घरची रीत मी मैत्रिणींना कौतुकाने सांगते. देशभर सायरनच्या बातम्या, धर्मेंद्र फौजेत, तोही जम्मूकडे, आणि नेमक्या याच आठवड्यात टीव्ही, पेपर, चष्मा तिन्ही एकदम कसे गेले?

शिवाय तो गहू. दोन बायांच्या घरात कुरडयांसाठी दोन पायल्या गहू भिजत घातलेला! बहात्तर वर्षांची आई वाकून पाणी बदलत होती, बोटं पांढरी पडली होती. धर्मेंद्रचा फोन आला का म्हणून विचारलं, तर काल दुपारी आला, आई झोपल्या होत्या, एवढं सांगून तू फोन मुठीत धरून स्वयंपाकघरात निघून गेलीस.

हे सगळं डायरीत लिहिलं आणि खाली स्वतःलाच विचारलं, की नणंद म्हणून मला दोष सापडायला हवाच आहे का? तुझ्या मूगवड्यांना आमच्या घरात तोड नाही, हे मी डायरीत तीनदा लिहिलं आहे, तुझ्या तोंडावर एकदाही म्हटलेलं नाही. तेव्हा माझा तराजू सरळ आहे असं मी म्हणत नाही. तरी शंका जात नाही. आईला अंधारात ठेवून राबवलं जात असेल, तर मी गप्प बसणार नाही. रविवारी येते आणि तिला इकडे घेऊन येते. तिची पेटी भरून ठेव.

राग आला तर मनात ठेवू नकोस, लिही. जिव्हाळा कमी करू नये.
तुझी,
प्रियदर्शनी ताई


अकोला
शुक्रवार, ९ मे

आदरणीय ताईंना,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. नत्थुजी परत जाताना नेतील म्हणून हातातला गहू टाकून लिहिते. कागदावर डाग दिसले तर ते चिकाचे आहेत, रडण्याचे समजू नका.

वायर मी काढली. बुधवारी बातम्यांत सायरन वाजला, तशा आई उठून दाराला कडी घालून आल्या आणि मग दारालाच पाठ लावून बसल्या. काढली म्हटलं असतं तर त्यांनी पुन्हा लावायला लावली असती, म्हणून जळाली म्हटलं.

पेपर मात्र मी बंद केला नाही. पेपरवाला म्हणतो, तुमच्याच घरून नको म्हणून निरोप आला. खरं सांगू? मला वाटलं, तुम्हीच अमरावतीहून फोन केला असेल. या घराचं माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, हे मी लग्न झाल्यापासून ऐकून आहे.

गहू आईंनी मी उठायच्या आत भिजवला. एवढं कोण खाणार म्हणून मी ओरडले, तर म्हणे फौजेतल्या माणसाचं पोट मोठं असते.

आणि फोन. मंगळवारपासून यांचा फोन नाही. तुम्ही झोपल्या होत्या तेव्हा आला, असं मी आईंना रोज सांगते. तुम्हालाही तेच सांगितलं, कारण आई दाराशीच उभ्या होत्या. आता तुम्हाला कळलं, त्यांना कळू देऊ नका.

न्यायचं असेल तर त्या तुमच्या आई आहेत, मी अडवणारी कोण. पण फोन येईल किंवा येणार नाही, तेव्हा या घरात मी एकटी असेन, एवढा विचार करा.

आहे तेवढी माया राहू द्यावी.
तुमची,
प्रणाली

ता. क. तुमचं पत्र लपवायला तुरीच्या डाळीचा डबा उघडला, तर आत आईंचा चष्मा. मला काहीच समजलं नाही. पत्र आणि चष्मा दोन्ही डाळीत दाबून ठेवले. आता हेही माझ्यावर घाला.


अकोला
शनिवार, १० मे, सकाळी

माय प्रियदर्शनी,
जयभीम.

डाळीतून चष्मा काढाले गेली तं तुझं पत्र हाती आलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नाई, असं तुझे बाबा म्हणत. पण डबा माह्या घरचा हाये.

चष्मा मीच लपवला. पेपरवाल्याले मीच नाई म्हटलं. चष्मा असता तं प्रणाली वाचा म्हणली असती. जम्मूचं नाव आलं का तिचा भाकरीवरचा हात थांबते. ते मले पाहावत नाई. गहू काऊन इतका भिजवला म्हणशील, तं तिचे हात रिकामे राहिले का फोनकडे जातात. राबवलं असंल तं मीनं तिले राबवलं.

धर्माचा फोन मी झोपली असताना येते, असं सांगते. चार दिवस झाले, मले दुपारी डोळाच लागला नाई. भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. पण ती इतकं गोड खोटं बोलते, धर्मा काय जेवला ते बी सांगते, का मीच पुन्हा विचारतो, आणखी काय म्हणे तो?

आज पहाटे चष्मा घालून चुलीपाशी बसली. तिनं पाहिलं. उठली न् टीव्हीची वायर लावली. आता बातम्या चालू हायेत, चीक शिजून राहिला, न् फोन बाजेवर दोघीच्या मधात ठेवला हाये. अजून वाजला नाई.

उद्या ये. पेटी भरली नाई, भरणार बी नाई. अर्धा चीक तुह्यासाठी ठेवला, सोऱ्या दाबाले तिसरा हात पाहिजे. येताना रिकामा डबा आण, मोठा, झाकणाचा. न् मूगवड्याचं जे डायरीत लिवलं ते पहिले तिच्या तोंडावर म्हण, मंग चपला काढ.

लोभ दोघीवर सारखा ठेव.
तुझी आई,
भागीरथा