मननला हॉटेलात तासभर रमवले त्याची हकीकत

धुळे, गुरुवार

तीर्थस्वरूप सज्जनअक्का हिच्या पायांशी धाकट्या सुभाषचंदचा नमस्कार. जिजाजींना जय जिनेंद्र.

तुझे पत्र येऊन सव्वा महिना झाला आणि उत्तर आज लिहायला घेतो आहे, याची माफी सुरुवातीलाच मागून ठेवतो. पहिले आठ दिवस चष्म्याची दांडी मोडली होती. दांडी बसवून आणली तर पेन सापडेना (ते मननने गव्हाच्या कोठीत टाकले होते, दळणाच्या वेळी निघाले). तोवर तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. म्हटले, आता पत्र पाठवावे तर तू पट्टी सोडून वाचायला बसशील आणि ते माझ्या माथी येईल. डोळा आता कसा आहे? थेंब घालताना बाटलीवरचे नाव दोनदा वाचत जा. आमच्या गल्लीत एकाने डोळ्यात कानाचे थेंब घातले. त्याला काही झाले नाही, पण होऊ शकले असते. जिजाजींचा खोकला थांबला का? थांबला असेल तर एकदम का थांबला, हेही डॉक्टरला विचारून घ्यावे.

फोन करता आला असता हे मला समजते. पण तू कानाचे मशीन लावत नाहीस, मग मला ओरडावे लागते, आणि हा विषय ओरडण्यासारखा नाही. सूनबाई शेजारच्या खोलीतच असते.

तर विषय असा. रुचीला (आपल्या श्रेयांसच्या बायकोला) इथल्या एका कॉलेजात शिकवण्याची नोकरी लागली. येत्या सोमवारपासून हजर व्हायचे. आनंदाची गोष्ट आहे, मी पेढेही वाटले. पण मनन पावणेदोन वर्षांचा, त्याला दिवसभर बघायचे कुणी? श्रेयांसने एक पाळणाघर शोधले. मी बघून आलो. जागा स्वच्छ आहे, बाई प्रेमळ आहेत, पण भिंतीवर अस्वलाचे एवढे मोठे चित्र आहे आणि त्याला दात काढलेले आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी जाहीर केले की नातवाला मी सांभाळतो. दोघांनी एकमेकांकडे बघितले. का बघितले ते मला माहीत आहे. श्रेयांस लहान असताना मी त्याला किती वेळा कडेवर घेतले, असे कुणी विचारले तर मला आठवून सांगावे लागेल. साड्यांचे दुकान एके दुकान. घरातले सगळे तुझ्या भावजयीने केले. ती जाऊन सहा वर्षे झाली, नाहीतर तिलाच विचारून घेतले असते की मूल नक्की कोणत्या बाजूने धरायचे.

रुची समजूतदार आहे, तोंडावर नाही म्हणाली नाही. तिने परीक्षा ठेवली. रविवारी सगळे हॉटेलात जेवायला जाऊ. ती आणि श्रेयांस जेवतील, मनन माझ्याकडे. जेवण होईपर्यंत मनन रडला नाही आणि त्याच्या हातात मोबाईल द्यावा लागला नाही, तर पाळणाघराचे नाव काढायचे नाही. रडला, तर सोमवारपासून अस्वल. अक्का, तुला माहीत आहे, मी सातवीला दोनदा बसलो. पण हो म्हटले.

आणखी एक अडचण माझ्याच बाजूची होती. मी सूर्य मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा घालत नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच जातो, म्हणून आम्ही पाच वाजताच हॉटेलात हजर. वेटर (त्याचे नाव हिलाल, पोरगा गुणी) म्हणाला की तंदूर अजून पेटायचा आहे, अर्धा तास लागेल. मी खिडकीची जागा धरली, म्हणजे एक डोळा मननवर आणि एक सूर्यावर ठेवता येईल. डोक्यावरचा पंखा जरा हलत होता, म्हणून टेबल दोन फूट सरकवून घेतले. सरकवल्यावर ते झुंबराखाली आले, म्हणून परत आणले.

तयारीत मी काही कमी ठेवले नव्हते. पिशवीत मुरमुऱ्यांचा डबा, लाकडी भोवरा, टॉर्च, दोन चमचे, तीन नॅपकिन आणि प्राण्यांचे पुस्तक होते (अस्वलाचे पान मी घरीच चिकटवून टाकले होते). मननला उंच खुर्चीत बसवले. तो खालच्या फटीतून घसरून बाहेर आला. परत बसवले, परत आला. हिलालने सांगितले की तिला पट्टा आहे. पट्टा मला काही बरा वाटला नाही, मूल आहे, गुन्हेगार नाही. मग त्याला मांडीवर घेऊन एकेक मुरमुरा द्यायला लागलो. माझा हिशोब असा की मिनिटाला चार मुरमुरे, तर डबा सहज पुरेल. पण त्याने डबाच उचलला आणि भिंतीजवळच्या माशांच्या पेटीकडे गेला. माशांना मुरमुरे चालतात की नाही हे हॉटेलात कुणालाच सांगता आले नाही. मी दहा मिनिटे माशांची प्रकृती बघत बसलो, तेवढ्यात मननने टॉर्चची बॅटरी काढून तोंडाजवळ नेली. ती हिसकावली. भोवरा दिला, तो शेजारच्या टेबलाखाली गेला. पुस्तक दिले, त्याने ते मला वाचायला दिले आणि स्वतः निघाला. यात साडेपाच झाले. श्रेयांस घड्याळ बघत होता. रुची मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसली होती. मागे वळून बघायचे नाही, असे तिने ठरवले होते.

मग मननचा सूर सुरू झाला. तू त्याचा सूर ऐकलेला नाहीस. आधी खालच्या पट्टीत, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा. खालचा ओठ पुढे येतो. तेथून रडे साधारण एका मिनिटावर असते. मी पिशवी चाचपली. पिशवीत काही राहिले नव्हते. पण खुर्चीजवळ दुसरी पिशवी होती. तिच्यात चार साड्या होत्या. गिऱ्हाइकांच्या, विकलेल्या. जाताजाता फॉल लावायला पुष्पाबाईंकडे टाकायच्या होत्या, बाई घरी नव्हत्या म्हणून पिशवी बरोबर आली होती.

आता दुकानातली एक गोष्ट सांगतो. बाई साड्या बघायला बसली की तिचे मूल रडते, आणि मूल रडले की बाई उठते. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी, की मूल कुरकुरले की साडी बाईला दाखवायची नाही, मुलाला दाखवायची. घडी हातात घ्यायची, एक टोक धरायचे आणि अशी फेकायची, की सगळी साडी हवेत उघडून मुलाच्या डोक्यावरून जाते आणि गादीवर पडते. फर्र आवाज होतो, वारा लागतो, मूल दचकते आणि मग हसते. चाळीस वर्षांत एकही मूल याच्या बाहेर गेले नाही (एक गेले होते, ते पुढे वकील झाले). मी विचार केलाच नाही, अक्का. हात आपोआप पिशवीत गेला. हिरवी साडी निघाली. फेकली. ती मननच्या डोक्यावरून टेबल ओलांडून समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन पडली. मननचा ओठ आत गेला. तो हसला आणि टाळ्या वाजवायला लागला.

एकदा सुरू केल्यावर थांबता येईना, कारण थांबलो की ओठ पुढे यायचा. हिरवीनंतर जांभळी, जांभळीनंतर लाल. एकट्याने साडीची घडी होत नाही, म्हणून हिलालला दुसरे टोक धरायला लावले. तो बिचारा पाण्याचा जग खाली ठेवून उभा राहिला. पलीकडे शिंदखेड्याकडची मंडळी साखरपुडा उरकून जेवायला आली होती. सात-आठ बाया आणि पाच पोरे. त्यांच्यातल्या एक आजीबाई उठून माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई हिरवी ऱ्हाऊ द्या. ती जांभळी दखाडा, बठ्ठी उकला." मी सांगायला हवे होते की साड्या विकलेल्या आहेत. पण समोर बाई बसली, तिने साडी उलगडायला सांगितली, आणि माझ्या तोंडातून निघाले ते असे की हात लावून बघा, रंग जाणार नाही, पदर तर बघाच. बाकीच्या बायाही आल्या. कुणी खांद्यावर टाकून माशांच्या पेटीच्या काचेत बघू लागली. तेवढ्यात हॉटेलचे मॅनेजर हा काय प्रकार म्हणून विचारायला आले, तर मी त्यांना म्हटले, बाबा, आधी बायांना पाणी दे, मग चहाचे बघ. ते पाणी घेऊन आले. सवय वाईट.

मनन एवढा वेळ साड्यांच्या ढिगावर मांडी घालून बसला होता, अगदी आपल्या बापूजींसारखा. मग त्याने लाल साडीचा पदर धरला आणि चालू लागला. त्याच्यामागे ती पाच पोरे साडी धरून लागली. साडी साडेपाच मीटरची आणि गिऱ्हाइकाची, ती जमिनीवर घासू देता येत नाही, म्हणून शेवटचे टोक मी धरले. पुढे मनन, मध्ये शिंदखेड्याची पोरे आणि शेवटी वाकलेला मी, असे आम्ही त्या हॉटेलात टेबलांभोवती फेऱ्या मारल्या. चार तरी झाल्या. माझी कंबर पहिल्याच फेरीला बोलली होती. तिसऱ्या फेरीला तंदूर पेटला आणि पोळ्या यायला लागल्या. चौथ्या फेरीला हिलाल माझे ताट घेऊन माझ्याबरोबर चालत होता, कांदा-लसणाशिवायची शेवभाजी आणि दोन पोळ्या. मी खिडकीतून बघितले. सूर्य गेला होता. अजून थोडा उजेड होता आणि मी मनाशी बरेच भांडलो, पण गेला तो गेला. ताट परत पाठवले.

शेवटी साड्या गोळा करून चारही मोजून घेतल्या, कुठे डाग नाही हे टॉर्च लावून बघितले (बॅटरी परत घातली होती). आजीबाईंना खरे सांगितले, तर त्या रागावण्याऐवजी हसल्या आणि दुकानाचा पत्ता घेऊन गेल्या. मग निकाल. श्रेयांसने सुरू केले की पप्पा, दहा टेबलांची माणसे आपल्याकडे बघत होती, पुन्हा या हॉटेलात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही, याला सांभाळणे म्हणतात का. मी मान खाली घातली. अस्वल डोळ्यांसमोर आले. रुचीने बोटे पुसली आणि त्याला थांबवले. म्हणाली, "मनन झाल्यापासून मी पहिल्यांदा गरम पोळी खाल्ली. दोन्ही हातांनी. तीन खाल्ल्या. पप्पांकडेच राहू दे त्याला."

एवढे बोलून तिने चौथी मागवली.

तर असे सगळे उत्तम झाले. सांभाळणे म्हणजे काही फार मोठी विद्या नाही, फक्त मुलाचे मन ओळखावे लागते, आणि ते मला जमते असे दिसते. तू मागच्या पत्रात माझ्याबद्दल काळजी लिहिली होतीस, ती आता सोडून द्यावी. तब्येतीस जपावे. जिजाजींनी संध्याकाळी मफलर बांधावा.

तुझा धाकटा,
सुभाषचंद

ता.क. पत्र गुरुवारी लिहिले पण टाकायचे राहिले. आज सोमवार. रुची नऊ वाजता कॉलेजात गेली, श्रेयांस दुकानात. आता दीड वाजला आहे आणि मनन नुकताच झोपला आहे, माझ्या डाव्या हातावर, म्हणून अक्षर असे आले आहे. कागद धरायला कुणी नाही. हॉटेलात माझ्याकडे एक तास, पाच पोरे, एक वेटर आणि एक मॅनेजर होता, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नव्हते. साडी सकाळी सव्वानऊला फेकून झाली. दुसऱ्यांदा त्याने वर बघितलेसुद्धा नाही. तेव्हापासून मी घोडा झालो, दुकानदार झालो, मांजर झालो आणि पलंगाखाली अडकलो. दूध त्याने माझ्या हातून घेतले नाही. मग मी खोटेखोटे रडलो तेव्हा घेतले, आणि नंतर मला खरेच रडू आले, ते कशाचे ते कळले नाही. मी सकाळपासून पाणी प्यायलो नाही आणि अजून सूर्य डोक्यावर आहे.

ता.क. दुसरा. अक्का, तू ये. महिनाभराचे कपडे घेऊन ये. जिजाजींनाही आण, दोन माणसे लागतात. पण रुचीला सांगायचे की तुझे तुलाच यावेसे वाटले, डोळ्याला हवापालट म्हणून. मी बोलावले असे तिला कळले तर ती उद्याच्या उद्या त्याला पाळणाघरात घालील, आणि तेवढे मला नको आहे. पोरगे झोपेत माझी बंडी धरून आहे.

ता.क. तिसरा. टपालाला चार दिवस लागतील आणि माझ्याजवळ चार दिवस नाहीत. शेजारचे भाईदास रोज सकाळी नोकरीला तुमच्या शिरपूरला येतात, त्यांच्या हाती उद्या हे पत्र देतो आहे. ते संध्याकाळी परत निघतात. तू कोणत्या बसने येणार ते त्यांना सांग, एवढा एकच निरोप. चहाला बसवू नकोस, उशीर होतो. मनन हलतो आहे. लवकर कळव.